पंचफुलाबाईचा भूतकाळ

आधी एक सांगून ठेवतो. पंचफुलाबाई खोटारडी नव्हती. गावात कोणी तसं म्हणालं तर मी आजही त्याच्या अंगावर धावून जातो, माझं वय काय अन् धावणं काय! पण तिला एक खोड होती, आणि ती खोड आमच्या सगळ्या मुलखाचीच आहे. काम करायच्या आधीच ती 'केलं' म्हणायची.

"दार लावलं का वो?"

"लावलं!" असं म्हणून ती बसल्या जागेवरून उठायची आणि दार लावायला जायची.

यात खोटं काय, तुम्हीच सांगा. आमच्याकडे 'आलोच' म्हणून ओरडणारा माणूस विहिरीवर अंगाला साबण लावत असतो. 'निघालो' म्हणणाऱ्याची एक चप्पल सापडायची असते. ऐकणाऱ्याला हे ठाऊक असतं, तोही आरामात बसतो. पण आमच्या दवाखान्यात एक बाई अशी आली की तिला हे काही केल्या पटेना, आणि तिच्यापायी पंचफुलाबाईला परक्या देशाचा भूतकाळ शिकावा लागला. त्या भूतकाळानं तिचं काय केलं आणि माझं काय केलं, ते सांगायचं आहे.

मी टिकाराम. कंपाउंडर. कारध्याहून पवनीकडे जाताना आमचं गाव लागतं, तिथं नागपूरच्या एका ट्रस्टचा दवाखाना होता. तीन खोल्या, पुढं पडवी, मागं विहीर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याहून यायचे, बाकीचे दिवस सगळं नर्सच्या हाती. चौऱ्याहत्तर साली जी नर्स आली ती थेट आयर्लंडहून आली. नाव ब्रीद. थट्टा नाही, खरंच ब्रीद. आमच्याकडे बायकांचं नाव गोदावरी असतं तसं त्यांच्याकडे ब्रीद असतं म्हणे. गाव तिला इंग्रज बाई म्हणायचं, आणि म्हटलं की तिचं तोंड टमाट्यासारखं लाल व्हायचं. "मी इंग्रज नाही!" तिच्या समुद्रकाठच्या गावात घरोघरी आयरिश बोलत. इंग्रजी ती शाळेत छड्या खाऊन शिकली होती, म्हणून इंग्रजीवर तिचा राग. मराठी मात्र ती आमच्यासारखीच शिकली. "काहून आले? कुठं दुखते?" असं विचारायला लागली की म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसायच्या.

पंचफुलाबाई तिथं झाडलोट करायची, भांडी-सुया उकळायची, कुलूप लावायची. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं होतं आणि दुसरी केली होती. ती भावाकडे, सेवकरामकडे राहायची. भावजय काही वाईट नव्हती, पण हिला भात वाढताना तिचा हात थांबायचा. हे मला पंचफुलाबाईनंच सांगितलं. दवाखान्याचं काम लागलं आणि तिच्या कमरेला किल्ली आली. ती किल्ली ती अंघोळीलाही काढत नाही, असं भावजय विहिरीवर सांगत फिरायची. काढेल कशाला? भावाच्या घरात तिच्या नावाचं एक मडकंही नव्हतं. हे कुलूप तेवढं तिचं होतं.

आणि बाई कशी! बसणं तिला ठाऊक नव्हतं. बोलताना पदराचं टोक पिळायची, ऐकताना पाय हलवायची, एक काम हातात असताना दुसऱ्याकडे धावायची. म्हणूनच तर तोंडातून 'झालं' आधी निघायचं आणि काम मागून व्हायचं.

पहिल्याच महिन्यात भडका उडाला. सिस्टरनं विचारलं, "सुया उकळल्या?" ही म्हणाली, "उकळल्या!" सिस्टरनं भांड्यात बोट घातलं. पाणी विहिरीतून काढलं तसंच थंड. तिनं ते भांडं उचलून अंगणात फेकलं, ते थेट पेरूच्या झाडाखाली गेलं.

"काहून खोटं बोलते तू?"

"म्या खोटं नाई बोलली वो सिस्टर," पंचफुलाबाई रडायलाच लागली. "करूनच राहिली होती नं."

मी मधे पडलो. आमच्याकडे असंच बोलतात, हे सिस्टरला समजावून सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "ठीक. मराठीत तुले पाहिजे ते बोल. पण काम खरंच झालं, हातातून सुटलं, की मले माझ्या भाषेत सांगायचं. त्या भाषेत तुले आधी बोलायची सवय नाही. तिथं तू नवी आहे."

मला हसू आलं. जिला मराठी अक्षर वाचता येत नाही ती आयरिश बोलणार! मी मॅट्रिक, माझं इंग्रजी तीनदा गेलं होतं. पण सिस्टरचं डोकं एकदा फिरलं की फिरलं.

शिकवणी औषधाच्या कपाटाशेजारी चालायची. मी पलीकडे पुड्या बांधत बसायचो आणि कान इकडे. आमचा भूतकाळ शब्दाच्या शेपटीला लागतो ना, ला, ली, लं? त्यांचा शब्दाच्या तोंडाला लागतो. 'दून' म्हणजे लाव, बंद कर. लावून झालं की तो 'द' घशात जातो आणि होतो 'घून'. 'ग्लान' म्हणजे स्वच्छ कर, केलं की 'घ्लान', तोही घ घशातलाच. 'बेरी' म्हणजे उकळ, उकळलं की 'व्हेरी'. 'किर' म्हणजे ठेव, ठेवलं की 'खिर'. हे ऐकून पंचफुलाबाई दोन दिवस खीर-खीर करून हसत होती. ल, न, र यांना मात्र काही होत नाही. 'नी' म्हणजे धू, आणि धुतलं तरी 'नी'च.

"तोंड मऊ होते," सिस्टर म्हणायची. "काम झालं की शब्दाचं तोंड मऊ."

"भात शिजला का मऊ होते, तसा," पंचफुलाबाई म्हणाली. सिस्टर तिच्याकडे बघतच राहिली. एवढं सोपं तिलाही कोणी सांगितलं नव्हतं म्हणे.

पुढं 'मे' लावायचं, म्हणजे मी. 'घून मे', मी लावलं. आणि गंमत म्हणजे तू ला 'तू'च. बाई असो, माणूस असो, शब्द बदलत नाही. प्रश्नाला आधी 'अर', नकाराला आधी 'नीर'. "नीर म्हंजे पानी नं वो?" असं पंचफुलाबाईनं विचारलं, आणि काम पाण्यात गेलं की नीर, असं स्वतःच बसवून घेतलं. सगळ्यात कठीण गोष्ट ही की त्या भाषेत 'हो' नाही आणि 'नाही'सुद्धा नाही. नुसतं 'हो हो' म्हणून सुटका नाही. 'अर घून तू?' विचारलं की 'घून मे' म्हणा नाहीतर 'नीर घून मे' म्हणा. केलं ते बोला, नाही केलं तेही त्याच शब्दात बोला. पळायला वाट नाही!

माणूस बदलला तरी शब्द बदलत नाही म्हणालो, पण एक जागा आहे. 'आम्ही' म्हणायचं असलं तर शेवटी 'मर' लागतं. दोघींनी मिळून झाडलं की 'घ्लानमर'. लिहिताना तर म्हणे 'अमर'च लिहितात. सिस्टरनं हे सांगितलं त्या दिवशी पंचफुलाबाईचा पाय हलायचा थांबला. "एकटीनं केलं तर मे, अन् दोघीनं केलं तर अमर?" ती म्हणाली. "बेसच हाये की वो तुमची बोली."

मग रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी दोघींचं ते सुरू व्हायचं. अर नी तू? नी मे. अर घ्लान तू? घ्लानमर. कारण खिडक्या सिस्टरनं पुसलेल्या असायच्या. अर व्हेरी तू? व्हेरी मे. अर घून तू? घून मे. आणि किल्ली फिरायची. पडवीत थांबलेले पेशंट याला पंचफुलाबाईची आरती म्हणायचे. मला सांगायला लाज वाटते, पण मी जळायचो. मला वाटायचं, ही अंगठा लावणारी बाई आणि सिस्टर हिच्याशी घरच्यासारखी बोलते. मलाही सगळं पाठ झालं होतं. पण मला कोणी विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही.

चार वर्षं असं चाललं. मराठीत बाईची खोड तशीच राहिली. 'आलीच', 'केलं', 'ठेवलं'. पण 'व्हेरी मे' म्हणाली की डोळे मिटून सुई उचलावी. तिच्या तोंडून ते शब्द एकदाही खोटे निघाले नाहीत, आणि दवाखाना त्याच्यावर चालला.

अठ्ठ्याहत्तरची दिवाळी झाली. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, आणि नाटक. पवनीकडच्या एका मंडईच्या नाटकात मला काम मिळालं होतं. शिपायाचं. दोन वाक्यं. दोनच, पण मी ती महिनाभर विहिरीवर म्हणत होतो. त्या दिवशी सिस्टर औषधं आणायला दोन दिवस नागपूरला गेली होती. मला तीनची बस धरायची होती, आणि पडवीत गर्दी. पाच जणांना इंजेक्शन द्यायचं होतं. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो.

"उकळल्या का वो?" मी ओरडलो.

"उकळल्या!" आतून आवाज आला.

मराठीत आला.

मी थांबायला पाहिजे होतं. मला नियम ठाऊक होता, गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. 'व्हेरी मे' नाही म्हणजे उकळल्या नाहीत. पण घड्याळात सव्वादोन झाले होते. ट्रेमध्ये सुया होत्या, ओल्या होत्या. मी स्वतःला सांगितलं, म्हणाली ना ती, झालं तर मग. आणि घेतल्या.

पाचव्या माणसाला सुई टोचून काढतो तोच ती दारात. स्टोव्हचं छिद्र बुजलं होतं म्हणून ती पिन मागायला शेजारी गेली होती. तिच्या हातात ती पिन होती.

"अजी भाऊ," ती म्हणाली, "थ्या उकळल्या नाई. धुतल्या तेवढ्या."

"आत्ता तर म्हणालीस!"

मी शर्ट बदलला आणि बस धरली.

सिस्टर परत आली तेव्हा पंचफुलाबाई माझ्यामागं लागली. "सांगून देऊ का जी? सांगून देऊ?" पुड्या बांधताना समोर येऊन उभी, विहिरीवर मागं उभी. मी चिडलो. "काही झालं का कोणाला? मग कायले उकरून राहिली?" सिस्टर संध्याकाळी त्या-त्या दिवसाचंच विचारायची. गेल्या दिवसाचं कोणी विचारलं नाही. पण त्या आठवड्यात बाईला चैन नव्हती. झाडलेली खोली पुन्हा झाडायची. लावलेलं कुलूप ओढून बघायची, चार पावलं जायची, परत येऊन ओढायची.

पाचव्या दिवशी पहिलं गळू दिसलं. मग दुसरं. पाचांपैकी तिघांना झालं. त्यात परसराम नावाचा शेतकरी होता, त्याच्या कमरेत पू झाला आणि ताप मेंदूत चढतो की काय अशी पाळी आली. बैलबंडीत घालून त्याला भंडाऱ्याला नेलं. ऐन धान कापणीच्या दिवसांत तो तीन आठवडे खाटेवर होता. वाचला. पण डावा पाय ओढत चालायचा तो शेवटपर्यंत, आणि दवाखान्यासमोरून घासत जाणारा तो पाय मला रात्री घरात बसूनही ऐकू यायचा.

ट्रस्टची चौकशी लागली. नागपूरहून दोन साहेब येणार होते. कोणाची तरी नोकरी जाणार हे गावातल्या कुत्र्यांनाही कळलं. आदल्या दिवशी मी सेवकरामच्या अंगणात गेलो.

"पंचफुलाबाई," मी म्हणालो, "उकळल्या होत्या म्हणून सांग. सुयाच खराब होत्या, असं म्हणू. दोघंही वाचू."

ती पदर पिळत होती. "परसरामचा पाय?"

"आपल्या खरं बोलण्यानं त्याचा पाय नीट होतो का? मला दोन लेकरं आहेत वो."

"अन् मले?" तिनं कमरेच्या किल्लीवर हात ठेवला. "हे गेली का मी या घरची मोलकरीण. मरेपर्यंत."

"म्हणून तर सांगतो!"

ती बराच वेळ इकडून तिकडे फिरत राहिली. शेवटी म्हणाली, "मराठीत इचारलं तर उकळल्या म्हणीन. तवा म्हणलंच होतं म्या. थे काही खोटं नाई." मी सुटलो असं वाटलं. खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. एक सुकडा डॉक्टर, एक जाड चष्म्याचा सचिव. पडवीत टेबल टाकलं. मला विचारलं, मी सांगितलं, तयार सुया घेतल्या आणि टोचल्या. पंचफुलाबाईला विचारलं, "सुया उकळल्या होत्या का, बाई?"

"उकळल्या," ती म्हणाली.

सचिवानं लिहिलं. डॉक्टरनं पेनचं टोपण लावलं. संपलंच होतं. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "मले एक विचारायचं आहे," आणि पंचफुलाबाईकडे वळून तिनं विचारलं, "अर व्हेरी शिव?"

त्यांच्या भाषेत एकाला विचारायचं तर 'तू', आणि एकापेक्षा जास्त असले तर 'शिव'. चार वर्षं रोज सिस्टरनं 'अर व्हेरी तू' विचारलं होतं. आज तिनं 'शिव' विचारलं. म्हणजे, तुम्ही उकळल्या का? तुम्ही दोघांनी? तिला सगळं कळलं होतं. तिनं दार उघडून धरलं होतं, आणि ते दोघं जातील एवढं रुंद होतं.

पंचफुलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मी रजिस्टर उघडलं आणि पानं उलटायला लागलो.

मी वाट बघत होतो 'मर'ची. आता म्हणेल, नीर व्हेरीमर, आम्ही नाही उकळल्या. साहेबांना काय कळणार? पण सिस्टरला कळेल, मला कळेल. पान उलटताना माझी बोटं एकमेकांना चिकटत होती.

"नीर व्हेरी मे," पंचफुलाबाई म्हणाली.

मी नाही उकळल्या. मी. मे.

"काय म्हणाली?" सचिवानं विचारलं. सिस्टर उत्तर देईना. त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं, जसं होतं तसं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. सचिवानं आधीचं खोडलं आणि नवीन लिहिलं. सिस्टर मागच्या खोलीत गेली, आणि कपबशी फुटल्याचा आवाज आला. मग दुसरी फुटली.

सिस्टर ट्रस्टशी महिनाभर भांडली, नागपूरला दोन खेटे घातले, काही उपयोग झाला नाही. खरं बोलायला शिकवलं तिनं, आणि खरं बोलली म्हणून बाईची नोकरी गेली. हे सिस्टर मला म्हणाली नाही, पण तिच्या तोंडावर ते रोज दिसायचं. पंचफुलाबाईनं किल्ली काढून टेबलावर ठेवली. माझ्यासमोर. मी ती उचलली आणि खिळ्याला लावली. माझी नोकरी शाबूत राहिली. शिक्षा म्हणाल तर एकच. कुलूप लावायचं काम माझ्याकडे आलं, आणि पहिल्याच संध्याकाळी सिस्टर दारात येऊन उभी राहिली.

"अर घून तू?" तिनं मला विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"माझ्या भाषेत 'हो' नाही, टिकाराम."

मी सायकल काढली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. पाच वर्षं, रोज संध्याकाळी. 'घून मे' एवढे दोन शब्द! ते मला पाठ होते, झोपेतून उठवलं असतं तरी सांगितले असते. पण एकदा ते म्हटलं की पुढचाही शब्द म्हणावा लागेल अशी मला भीती. मी 'हो' म्हणायचो. ती मान हलवायची आणि आत जायची. घरी आल्यावर बायको विचारायची, भात वाढू का? मी तिच्यावरच खेकसायचो. जेवताना उठायचो, फाटक लावलं की नाही बघायचो. नाटकात मी पुन्हा कधी काम केलं नाही.

त्र्याऐंशी साली सिस्टर कायमची परत निघाली. गुडघे गेले होते तिचे. मी तिची पेटी एसटी स्टॉपवर नेली. गाव सगळं जमलं होतं. बस दुरून दिसायला लागली तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अर व्हेरी शिव?"

पाच वर्षांनी पुन्हा 'शिव'. अजून दार धरून उभी होती बाई!

"सिस्टर," मी म्हणालो, "बस लागली तुमची. जागा धरा."

यापेक्षा नालायक वाक्य मी जन्मात बोललो नाही.

पुढच्या वर्षी धानाचं रोप रोवण्याचे दिवस संपले होते. बांधीतल्या चिखलाच्या कामातून बाया मोकळ्या झाल्या होत्या. एका दुपारी मी दवाखाना बंद केला, कुलूप लावलं, चार पावलं गेलो, परत येऊन ओढून पाहिलं, आणि घरी न जाता सेवकरामच्या अंगणात गेलो. भावजय विहिरीवर होती. पंचफुलाबाई ओसरीत सुपात तांदूळ निवडत होती. केस पिकले होते. हात तसाच चालू, पाय तसाच हलता. मला पाहून तिनं पदर सारखा केला.

"या जी भाऊ. काहून आले?"

मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो. सहा वर्षं तोंडात धरलेलं बाहेर पडलं.

"नीर व्हेरीमर."

सुपातला हात थांबला. पायही थांबला.

"अजून एक डाव म्हना."

"नीर व्हेरीमर. आपण नाही उकळल्या, पंचफुलाबाई. आपण दोघांनी." मग विचारलं, "तू त्या दिवशी 'मे' काहून म्हणालीस? सिस्टरनं 'शिव' विचारलं होतं. मला कळत होतं सगळं. माझ्या लेकरांसाठी म्हणालीस का?"

"लेकरांसाठी कायले?" तिला राग आला, खरा राग. "मी का देवी हाये? म्या तुमच्याकडे पायलं नं जी. तुमी मान खाली घातली. 'मर' म्या एकटीनं कसं म्हनाव? दुसऱ्यानं हो म्हनाले पायजे नं. एकटीचं तेवढं 'मे' असते."

मी खाली बसलो. तिच्या सुपासमोर, मातीतच. गावात मला कंपाउंडरसाहेब म्हणायचे, आणि मी त्या ओसरीत लहान पोरासारखा रडलो. तिनं रडू दिलं. एक खडा निवडून अंगणात टाकला, मग दुसरा टाकला.

"सिस्टरले लिहा," ती म्हणाली. "तिले बी आयकू द्या."

"लिहितो."

"लिहितो नाई." तिनं बोट उगारलं, हुबेहूब सिस्टर. "लिवलं का मंग येऊन सांगा. तिच्या बोलीत."

मी मान हलवली. ती पुन्हा तांदळाकडे वळली. मग खाली बघतच तिनं विचारलं, "थ्या दिवशी तीनची बस भेटली होती का?"

म्हणजे घाई कशाची होती तेही ठाऊक होतं तिला. सहा वर्षं ठाऊक होतं.

"भेटली."

"अन् नाटक?"

"झालं."

"दोन वाक्यं होते नं तुमाले? इहिरीवर म्हनत राहायचे."

"एकच म्हटलं," मी म्हणालो. "दुसरं विसरलो."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली. सूप हललं, तांदूळ सांडले, तरी हसत होती. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा थांबली. डोळे पुसले. हात सवयीनं कमरेला गेला, किल्ली असायची तिथं, आणि तिथं काही नव्हतं म्हणून तसाच परत आला.

"बसा जी," ती म्हणाली. "चहा ठेवला." आणि माचिस शोधायला उठली.